वनस्पतींच्या रंगांत घरी रंगवलेली लोकर आणि सूत: अनेक महिन्यांच्या वापरानंतर

लडी ओली असते तोवर सगळेच रंग सुंदर दिसतात. हळदीचा पिवळा तर सगळ्यांत जास्त. म्हणून रंगवल्या दिवशी काढलेल्या फोटोंवरून कुठल्याही नैसर्गिक रंगाची पारख करू नये, असं माझं ठाम मत आहे. हा अनुभव मी मुद्दाम उशिरा लिहिते आहे. रंगवलेली लोकर विणून झाली. टोपी, मोजे, शाल आणि सुती सुताची एक पिशवी रोजच्या वापरात आली. ती पुन्हा पुन्हा धुतली, उन्हात फिरली, खांद्याला आणि टाचेला घासली गेली. मगच कुठला रंग राहिला आणि कुठला विटला, ते कळलं.

निकाल आधीच सांगते. मंजिष्ठा, नीळ आणि डाळिंबाची साल मी पुढेही बिनधास्त वापरीन. कांद्याची साल आणि झेंडू लोकरीवर चांगले आहेत, पण त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. हळद, बीट, जांभळी कोबी आणि गडद रंगाची फळं यांत निदान अंगावर घालायच्या वस्तूंसाठी वेळ आणि लोकर घालवू नका. बीटचा रस हाताला लागला की निघता निघत नाही, त्यामुळे तो लोकरीलाही तसाच धरेल असं वाटतं. पण त्यातला रंग उष्णतेनेच मोडतो आणि धुताना उरलासुरलाही निघून जातो. कोबी आणि फळांमधला जांभळा आम्ल-अल्कलीप्रमाणे रंग बदलतो, आणि उन्हात तर टिकतच नाही. डाग पडणं वेगळं आणि रंग बसणं वेगळं.

रंग बसतो कशामुळे, तर रंगबंधकामुळे. रंगकाम करणारे त्याला मॉर्डंट म्हणतात. घरच्या वापरात तो बहुतेक वेळा तुरटीच असतो. तुरटीतलं ॲल्युमिनियम लोकरीतल्या प्रथिनाला चिकटतं आणि मग रंगाचा रेणू त्या ॲल्युमिनियमला धरून राहतो. ही मधली कडी कच्ची राहिली तर वर कितीही दाट रंग ओता, तो धुण्यात जाणार. मोजे आणि शाल वापरून झाल्यावर मला पटलेली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच: रंगाच्या भांड्यापाशी घालवलेल्या वेळेपेक्षा तुरटीच्या भांड्यापाशी घालवलेला वेळ जास्त मोलाचा आहे.

सगळी मापं कोरड्या लोकरीच्या वजनावर ठरतात. १०० ग्रॅम लोकरीला १२ ते १५ ग्रॅम तुरटी आणि ५-६ ग्रॅम क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमध्ये वापरतात ती आंबट पांढरी पूड) पुरतं. क्रीम ऑफ टार्टरने तुरटी सगळीकडे सारखी बसते आणि लोकर मऊ राहते. तुरटी आधी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून घ्या, मग मोठ्या भांड्यातल्या कोमट पाण्यात ओता. लोकर त्याआधी तासभर तरी साध्या पाण्यात भिजलेली हवी, नाहीतर रंगाचे पट्टे येतात. मग अगदी मंद आचेवर ८०-८५ अंशांपर्यंत न्यायचं, तिथे तासभर ठेवायचं आणि त्याच पाण्यात गार होऊ द्यायचं. मी रात्रभर तशीच ठेवते. साध्या आचेवर तापमान सांभाळायला थर्मामीटर लागतोच. अंदाजाने केलेल्या आणि मोजून केलेल्या लडींमधला फरक काही धुण्यांनंतर उघड दिसतो.

लोकर हाताळताना दोनच गोष्टी टाळायच्या: तापमानात एकदम फरक आणि चोळाचोळ. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकले की लडी आवळून जाड गोळा होते आणि पुन्हा सुटत नाही. सुपरवॉश, म्हणजे मशीनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेल्या लोकरीचे खवले काढलेले किंवा झाकलेले असतात, म्हणून ती आवळत नाही. रंगही ती भराभर आणि गडद ओढते. साधी आणि सुपरवॉश लोकर एकाच भांड्यात टाकली तर दोन वेगळ्या छटा मिळतात, हे एकाच स्वेटरसाठी दोन्ही वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. आणि लडीला चार ठिकाणी सैल गाठी हव्यात, आठच्या आकड्यासारख्या. गाठ घट्ट असली तर तिच्याखाली पांढरा पट्टा राहतो. सैल असली तर रंग आत शिरतो आणि लडी गुंततही नाही.

सुती सुताची तऱ्हा वेगळी. कापसात प्रथिन नाही, त्यामुळे तुरटी त्याला नीट धरत नाही. आधी टॅनिन, म्हणजे वनस्पतींमधलं तुरट द्रव्य, द्यावं लागतं. मी हिरडा वापरते, सुताच्या वजनाच्या १५ ते २० टक्के. हिरड्याच्या पाण्यातून काढलेलं सूत फिकट पिवळसर होतं, ते न धुता फक्त हलकं पिळून तुरटीच्या पाण्यात टाकायचं. त्याही आधी धुण्याच्या सोड्यात तासभर उकळून सूत स्वच्छ करायचं. पांढरंशुभ्र दिसणाऱ्या सुतातूनही चहासारखं पाणी निघतं, ते कापसातल्या मेण-पेक्टिनचं. हा सोडा लोकरीच्या वाऱ्यालाही उभा करू नका, अल्कलीने लोकर खराब होते. तिच्यासाठी कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे. सुतावर हे सगळं करण्यात रंगवण्याच्या कितीतरी पट वेळ जातो. पण माझ्या पिशवीचा पट्टा, जो सतत हातात असतो, आजही तांबडा आहे, तो या आधीच्या कामामुळेच.

आता मंजिष्ठा. तिच्यासाठी सगळा खटाटोप सार्थकी लागतो असं मी म्हणेन. मुळांची भरड किंवा भुकटी लोकरीच्या वजनाइतकी घेतली तर दाट विटकरी तांबडा मिळतो, निम्मी घेतली तर कोवळा नारिंगी-गुलाबी. आपली मंजिष्ठा (रुबिया कॉर्डिफोलिया) आणि युरोप, पश्चिम आशियातली मॅडर (रुबिया टिंक्टोरम) या बहिणी, पण रंगद्रव्यांचा मेळ निराळा. मॅडरमध्ये अलिझरिन मुख्य, तर मंजिष्ठेत पर्प्युरिन आणि मंजिस्टिनचा वाटा मोठा. त्यामुळे एकीच्या मापाने दुसरीकडून तीच छटा मागू नये. दोघींची एक अट मात्र सारखी आहे: पाणी ७० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. वर गेलं की मुळांमधली तपकिरी द्रव्यं सुटतात आणि लाल मळतो. पाण्यात थोडं कॅल्शियम असेल तर लाल खुलतो, म्हणून जड पाणी इथे चालतं, आणि पाणी मऊ असेल तर चिमूटभर खडूची भुकटी टाकतात.

टिकाऊपणाबद्दल काय सांगू! मंजिष्ठेचे मोजे आठवड्यातून कितीदा तरी पायात असतात. टाच झिजून पातळ झाली, तरी उरलेल्या धाग्याचा रंग तोच आहे. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा याच कुळातल्या मुळांनी रंगवलेला होता असं अभ्यासक सांगतात, आणि हे मोजे पाहिल्यावर त्याचं आश्चर्य वाटत नाही. १८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत अलिझरिन तयार केलं, तेव्हा त्यांनी मुळातलाच रेणू पुन्हा उभा केला होता. "नैसर्गिक म्हणजे कच्चा" हा समज मंजिष्ठेपुढे टिकत नाही.

नीळ हे वेगळंच शास्त्र आहे. तिला तुरटी लागत नाही, उकळणं लागत नाही, पण धीर लागतो. नीळ पाण्यात विरघळतच नाही. आधी तिचं क्षपण करावं लागतं, म्हणजे तिच्या रेणूला हायड्रोजन जोडावा लागतो, मगच ती अल्कलीच्या पाण्यात विरघळते. घरी करण्यासारखी पद्धत म्हणजे एक भाग नीळ, दोन भाग विझवलेला चुना आणि तीन भाग फ्रुक्टोज (फळांमधली साखर), पाणी हाताला चांगलं गरम. वर तांबूस चकाकी असलेला निळा फेस जमला आणि खालचं पाणी पिवळट-हिरवं दिसलं की भांडं तयार. लडी आत सोडायची, काही मिनिटांनी अलगद बाहेर काढायची. हिरवी लडी हवा लागताच डोळ्यांदेखत निळी होते, आणि हे मी कितीही वेळा पाहिलं तरी हातातलं काम थांबतं. एकदाच बराच वेळ बुडवून गडद निळा मिळत नाही. पुन्हा पुन्हा बुडवून, मध्ये हवा देऊन तो थरांनी चढवायचा.

लोकर रंगवताना चुन्याचा जोर कमी झालेलं भांडं वापरा आणि थोडाच वेळ बुडवा. शेवटी पाण्यात थोडं व्हिनेगर टाकून त्यात लोकर खळबळली की उरलेली अल्कली मरते. वापरात निळीची एक तक्रार आहे. ती धाग्याशी रासायनिक बंध जोडत नाही, तंतूत अडकून राहते. म्हणून ऊन आणि पाण्यापुढे ती पक्की, पण घासण्यापुढे थोडी हळवी. विणताना बोटं निळी होतात, लाकडी सुया निळ्या होतात. माझी निळी शाल खांद्यावर पिशवीचा पट्टा येतो तिथे जराशी उजळली आहे, बाकी जशीच्या तशी. पांढऱ्या लोकरीशेजारी निळी विणायची असेल तर ती आधी पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन घ्या.

पिवळ्यांबद्दल थोडक्यात. हळद कुठल्याही रंगबंधकाशिवाय भराभर चढते आणि तशीच उन्हात उडते. साबण लागला की लालसर होते, तो वेगळाच त्रास. कांद्याच्या कोरड्या सालींचा सोनेरी रंग लोकरीवर धुण्याला चांगला टिकला, पण टोपीचा वरचा भाग उन्हाने तपकिरीकडे झुकला. कारण त्यातलं क्वेर्सेटिन हे पिवळं रंगद्रव्य, ते उजेडापुढे फार टिकत नाही. झेंडूच्या पिवळ्यातही त्याच घराण्यातलं द्रव्य असतं आणि तोही ऊन खाऊन मवाळ होतो. जुन्या युरोपीय रंगाऱ्यांचं वेल्ड, म्हणजे पिवळा रंग देणारी तिकडची वनस्पती, जास्त टिकतं, कारण त्यात ल्युटिओलिन हे रंगद्रव्य असतं आणि त्याची रचना उजेडाला जास्त तोंड देते. डाळिंबाच्या सालीचा पिवळा उजळ नाही, जरासा मातकट आहे. पण सालीत टॅनिन भरपूर, त्यामुळे तो राहतो. लोकरीवरही आणि सुतावरही. टिकाऊ हिरवा हवा असेल तर डाळिंबाच्या सालीवर नीळ चढवा. त्या हिरव्याची टोपी मला सगळ्यांत जास्त आवडते.

हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लोखंडाचा क्षार. वजनाच्या २ टक्के एवढं जरी दिलं तरी पिवळ्याचा हिरवट खाकी होतो आणि टॅनिनचा करडा-काळा. छटा फार देखण्या. पण लोखंडाने लोकर खरखरीत होते आणि माप वाढलं तर धागा कमकुवत होतो. म्हणून गळ्याशी येणाऱ्या वस्तूंना मी ते देत नाही. हिराकशीचं भांडं आणि ढवळायची काठीही वेगळी ठेवा, तिचा अंश मंजिष्ठेच्या भांड्यात गेला तरी लाल काळवंडतो.

उजेडाची परीक्षा घरी सहज करता येते, आणि मोठी वस्तू विणण्याआधी ती कराच. पुठ्ठ्याच्या पट्टीवर प्रत्येक रंगाचा धागा गुंडाळायचा, अर्धा भाग दुसऱ्या पुठ्ठ्याने झाकायचा आणि पट्टी ऊन येणाऱ्या खिडकीत ठेवायची. काही आठवड्यांनी झाकण काढलं की दोन्ही भागांतला फरक स्वतःच बोलतो. कापड उद्योगात यासाठी निळ्या रंगाच्या लोकरीच्या आठ प्रमाणित पट्ट्या वापरतात. पहिली सगळ्यांत लवकर विटते, आठवी सगळ्यांत उशिरा, आणि प्रत्येक पुढची पट्टी मागच्या पट्टीच्या साधारण दुप्पट टिकते. घरी एवढी काटेकोर मोजणी नको. हळदीचा धागा शेजारी गुंडाळा, तोच खालचा मापदंड.

धुताना कोमटपेक्षा गार पाणी बरं. कपड्यांची नेहमीची पावडर अल्कलीयुक्त असते, ती इथे नको. रिठा किंवा लोकरीसाठीचा सौम्य द्रव साबण वापरा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत पसरून वाळवा.

"नैसर्गिक" या शब्दावर विसंबून निष्काळजीपणा करू नये. तुरटी, हिराकस आणि चुन्याची भुकटी उडते, तिच्याशी काम करताना तोंडावर मास्क हवा, आणि चुन्याला हातमोजे. रंगाची भांडी स्वयंपाकाला पुन्हा कधीच वापरायची नाहीत. जुन्या पुस्तकांत क्रोम आणि कथिलाच्या क्षारांची कृती दिसते, ती सोडून द्या. क्रोमियमचे ते क्षार विषारी आहेत, आणि घरच्या कामाला तुरटी-लोखंड पुरेसं आहे. पाणीही भरपूर लागतं, १०० ग्रॅम लोकर मोकळी तरंगायला ३-४ लिटर, वर धुण्याचं वेगळं. तुरटीचं पाणी एकदा वापरून ओतून देऊ नका. पुढच्या लोकरीसाठी तुरटीची थोडी भर घालून ते पुन्हा चालतं.

ज्यांना दर वेळी तीच छटा हवी, त्यांनी यात पडू नये. मुळांचं वय, पाणी, हंगाम, सगळ्याने छटा सरकते. म्हणून एका वस्तूला लागणारी लोकर एकाच भांड्यात रंगवा, आणि थोडी जास्तच. रंग काढून उरलेल्या पाण्यात दुसरी-तिसरी लडी टाकली तर फार गोड फिकट छटा मिळतात. पण फिकट छटेत द्रव्य कमी असतं, त्यामुळे तीच वनस्पती असूनही ती दाट छटेच्या आधी विटताना दिसते. या लडी मी मोज्यांच्या काठाला, झालरीला वापरते. शालीच्या मधल्या पट्ट्याला नाही.