ढेकूण नव्हतेच, ते आम्ही विकत घेतले

मुलीच्या मनगटावर आणि बोटांच्या बेचक्यांत बारीक लाल पुरळ उठलं. रात्र रात्र ती खाजवत जागी राहू लागली, तेव्हा घरात 'ढेकूण' हा शब्द पहिल्यांदा निघाला. कुणी काढला ते आता आठवत नाही, बहुधा मीच. ढेकूण म्हटलं की माणूस आधी लाजतो, मग घाबरतो, आणि या दोन्हींच्या मध्ये विचार करायचा राहून जातो. आम्ही डॉक्टर गाठला नाही, गादी उलटी करून पाहिली नाही. सरळ पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन लावला. 'मोफत तपासणी, एकाच फवारणीत कायमचा बंदोबस्त' असं त्याच्या जाहिरातीत होतं.

तो आला. मुलीचा हात बघितल्या बघितल्या म्हणाला, "ताई, हे ढेकणांचंच. डोळे मिटून सांगतो." मग गादीची कड उचलली, हात आत घातला आणि मूठ उघडली, तर तळहातावर एक ढेकूण. चपटा, तपकिरी, निपचित. सगळा प्रकार जेमतेम एका मिनिटाचा. मी किंचाळून मागे सरकले. त्याला तेवढंच हवं होतं.

तो तळहात मी नंतर किती वेळा आठवला असेन. ढेकूण वाळलेला होता, पाय आखडलेले. गादीच्या त्या कडेला एकही काळा ठिपका नव्हता, कात नव्हती, अंडी नव्हती. ढेकूण जिथे मुक्काम करतो तिथे तो नुसता बसत नाही, घाण करतो, कात टाकतो, अंडी चिकटवतो. वस्तीच्या कसल्याच खुणा नसताना एकटाच ढेकूण सापडला, तर तो तिथे राहत नव्हता, त्याला तिथे आणलं होतं असं मानायला हरकत नाही. मी हे सिद्ध करू शकत नाही. पण पुढे कळलं की वरच्या मजल्यावरच्या काकूंकडेही त्याने अशीच मूठ उघडली होती, आणि त्यांना त्याच्या खिशातली छोटी डबीही दिसली होती.

तरी फवारणीचे पैसे गेले असते आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण त्याचा खरा धंदा पुढे होता. "गादीत आतपर्यंत अंडी गेलीत, ही ठेवून उपयोग नाही. मी नेऊन जाळतो. ओळखीतून कारखान्याच्या भावात नवी मिळवून देतो." त्याच संध्याकाळी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कोरी करकरीत गादी आली आणि आमची जुनी गेली. आम्ही वर त्याचे आभार मानले. फवारलं काय, ते आम्ही विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. पावतीवर नुसतं 'औषध' एवढंच.

खाज थांबली नाही. तो आणखी दोनदा आला, "अंड्यांतून पिल्लं निघाली" म्हणाला आणि दोन्ही वेळा वेगळे पैसे घेऊन गेला. शेवटी मुलीला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी भिंगातून बेचकी पाहिली आणि सांगितलं, खरूज आहे. म्हणजे त्वचेत बोगदे करून राहणारे अतिसूक्ष्म किडे. गादीचा काही संबंध नाही. अंगभर लावायचं परमेथ्रिनचं मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावलं, आठवड्याने पुन्हा लावलं आणि खाज हळूहळू गेली. आमच्या लाजेपायी त्या पोरीने कितीतरी रात्री उगाच तळमळत काढल्या, याची टोचणी पैशांपेक्षा जास्त आहे.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

काही आठवडे गेले आणि माझ्या मानेवर, दंडावर गांधी उठू लागल्या. नवऱ्याच्या अंगावर मात्र काही नाही. तो म्हणाला, "मला कुठे काय चावतंय? तुला ॲलर्जी असेल." चावत त्यालाही होते. काहींच्या कातडीवर चाव्याची खूणच उमटत नाही, आणि काहींच्या अंगावर ती उमटायला कित्येक दिवस लागतात. म्हणून नुसत्या गांधी बघून 'ढेकूणच' म्हणणारा आणि गांधी नाहीत म्हणून 'ढेकूण नाहीत' म्हणणारा, दोघांच्याही बोलण्यावर जाऊ नका.

या वेळी मी टॉर्च घेतला. नव्या गादीच्या कडेची गोट बोटांनी उलटी केली आणि शिवणीत ते सगळं दिसलं जे त्या पहिल्या दिवशी नव्हतं. शाईच्या पेनाचं टोक टेकवल्यासारखे, कापडात मुरलेले काळे ठिपके. ओला कापूस फिरवल्यावर ते तांबूस तपकिरी पसरले; ते पचलेलं रक्त असतं. पिवळट, पोकळ काती. मिलिमीटरभर लांबीची पांढरी अंडी, कापडाला चिकटलेली. आणि जिवंत ढेकूण, पाचेक मिलिमीटरचे, उजेड पडताच फटीत पळणारे. पलंगाच्या डोक्याकडच्या फळीत स्क्रूच्या भोकांतही तेच. वर एक गोडसर कुबट वास, जो मी इतके दिवस 'नव्या गादीचा वास' म्हणून सोडून दिला होता.

खोळीची चेन टाके घालून बंद केली होती. टाके उसवले. आत दुसरी खोळ, जुनी, डाग पडलेली, फाटकी. कुणाची तरी टाकून दिलेली गादी नवा अंगरखा चढवून आमच्या गळ्यात मारली होती. 'विकतचं दुखणं' हा शब्द मी आयुष्यभर वापरत आले, त्याचा अर्थ त्या दुपारी कळला.

त्याला फोन केला. आवाज न चढवता म्हणाला, "गादी आली तेव्हा स्वच्छच होती. तुमच्याच घरातले शिरले असतील. आणि हमीपत्र वाचा ताई." वाचलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं, फवारणीनंतर घरात बाहेरून कोणतंही सामान आणल्यास हमी रद्द. बाहेरून आलेलं एकमेव सामान त्यानेच आणलेलं होतं! त्यानंतर त्याचा फोन लागलाच नाही.

त्याच्या तीन फवारण्यांनंतरही ढेकूण वाढले कसे? कदाचित फवारलं ते नुसतं पाणी असेल. पण खरं औषध असतं तरी खात्री नव्हती. ढेकणांना औषधं पचवायची जुनी सवय आहे. 1947 साली पर्ल हार्बरच्या नौदल बराकींत डीडीटीलाही न जुमानणारे ढेकूण सापडले होते, आणि आज पायरेथ्रॉइड जातीच्या औषधांचं अनेक ठिकाणी तेच झालंय. शिवाय फवारणी अंड्यांना सहसा मारत नाही. साधारण सहा ते दहा दिवसांत ती उबतात आणि उबेच्या घरात पाच-सहा आठवड्यांत पिल्लं अंडी घालण्याजोगी होतात. 'एकाच फवारणीत कायमचा बंदोबस्त' हे वाक्य ऐकलं की फोन ठेवून द्यायचा.

घाबरलेल्या माणसाला लुटायला रांग लागते, आणि मी त्या रांगेला हसतमुखाने सामोरी गेले. भिंतीत खुपसायचं अल्ट्रासाउंड यंत्र घेतलं. त्याचा ढेकणांवर काडीचा परिणाम होत नाही. धूर सोडणारे डबे घेतले. ओहायो स्टेट विद्यापीठात 2012 साली असे डबे तपासले गेले आणि ते जवळपास निरुपयोगी ठरले, कारण धूर वर हवेत आणि ढेकूण फटीत. एकाने तर धान्यात ठेवतात त्या गोळ्या गादीखाली ठेवायला देऊ केल्या. त्या मी घेतल्या नाहीत, एवढी एकच अक्कल तेव्हा शाबूत होती. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या त्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फिन वायू झोपेतल्या माणसाला मारतो, शेजारच्या खोलीतल्यालाही. अशी माणसं गेलेली आहेत. ढेकूण मात्र माणसांत एखादा रोग पसरवतात असं आजवर सिद्ध झालेलं नाही. म्हणजे कोणाला जास्त भ्यायचं ते बघा.

शेवटी जो चांगला माणूस मिळाला, त्याने पहिल्या दिवशी फवारणीच केली नाही. टॉर्च, स्क्रूड्रायव्हर आणि एक जुनं पातळ कार्ड घेऊन तो तासभर नुसता शोधत होता. कार्ड फटीत फिरवायचा आणि काय निघालं ते मला बोलावून दाखवायचा. औषधाचं लेबल आपणहून वाचायला दिलं. आम्हाला भरपूर काम लावलं. चादरी, अभ्रे, कपडे कडक गरम पाण्यात धुवा, मग ड्रायरच्या सगळ्यात गरम सेटिंगवर अर्धा तास फिरवा. बाकीचं पिशव्यांत भरून तोंड बांधा. पलंग भिंतीपासून दूर घ्या, चादर जमिनीला टेकू देऊ नका, पायांखाली गुळगुळीत वाट्यांचे सापळे ठेवा, कारण ढेकूण उडत नाही, उड्याही मारत नाही, चढूनच येतो. शिवणींवर त्याने वाफ फिरवली, फटींत फवारलं आणि बरोबर दोन आठवड्यांनी परत आला. तिसऱ्यांदाही आला. "हमी?" मी विचारलं. तो म्हणाला, "सापळे दोन महिने रिकामे राहू देत, मग बोलू." उपाशी ढेकूण महिनोन् महिने तग धरतो, म्हणून सापळे आम्ही आजही काढलेले नाहीत.

ती गादी मी चाकूने चारी बाजूंनी फाडली आणि रंगाने मोठ्या अक्षरांत त्यावर 'ढेकूण' लिहिलं, म्हणजे तिला तिसरी खोळ चढायला नको. रंग वाळेपर्यंत नवरा शेजारी उभा होता. म्हणाला, "आपली जुनी त्याने जाळली असेल असं वाटतं तुला?" मला वाटत नाही. कुणाच्या तरी घरी ती आज नव्या खोळीत पसरलेली असेल. त्या घरच्यांना कदाचित कधी कळणारही नाही, कारण तिच्यात ढेकूण नव्हते.