गोळी मोफत, खाडा पदरचा

मराठवाड्यातील एका जिल्हा रुग्णालयाच्या एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीवरील उपचाराच्या केंद्रातून, मी 2016 पासून औषध घेतो आणि मोंढ्यातील एका आडतीवर मुनीम म्हणून हिशेब लिहितो. त्यामुळे हे परीक्षण रुग्णाइतकेच नोकरदाराचेही आहे.

औषधोपचाराबद्दल तक्रारीला जागा नाही. सरकारने मोफत एआरटी 2004 मध्ये सुरू केली आणि 2017 पासून तर सीडी4 (प्रतिकारशक्तीच्या पेशींची रक्तातील संख्या) कितीही असले तरी निदान होताच उपचार सुरू होतात. मला आरंभी मिळालेल्या गोळीत एफाव्हिरेन्झ होते. ती रात्री घेतली की सकाळी सौद्याच्या वेळी डोके जड असे, आणि एकदा तर सोयाबीनची पट्टी तुरीच्या खात्यावर चढवल्याचे हमालाने दाखवून दिले. पुढे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची एकत्रित गोळी सुरू झाली. दिवसातून एकदाच घ्यायची ही गोळी आल्यापासून ती गुंगी गेली आणि माझ्या खतावणीतील खाडाखोडही गेली. माझ्या रक्तातील विषाणू आता चाचणीत सापडत नाही. या अवस्थेत शरीरसंबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही, हे समुपदेशक ताईंनी माझ्या पत्नीला समोर बसवून, दोनदा विचारले तरी न कंटाळता समजावले. प्रत्येक खेपेला वजन होते, खोकला, ताप, रात्रीचा घाम यांची चौकशी होते आणि उरलेल्या गोळ्या मोजल्या जातात.

उणीव आहे ती वेळेची. केंद्र उघडते तेव्हाच मोंढ्यात सौदा निघतो, आणि केंद्राची रांग संपते तोवर मालाची मापे होऊन गेलेली असतात. रोज कामावर जाणारा माणूसही रुग्ण असू शकतो, हे या वेळापत्रकात कोठेही धरलेले दिसत नाही. मागच्या खेपेला रांगेत माझ्यापुढे ऊसतोडीला निघालेले एक जोडपे होते. मुकादमाची उचल घेऊन झालेली, त्यामुळे एक दिवस चुकला तरी खाडा पडणार. आणि गाळपाचा हंगाम चार-पाच महिन्यांचा, तर हातात तीन महिन्यांचे औषध. ताईंनी कारखान्याजवळच्या केंद्रात त्यांची सोय लावून दिली खरी, परंतु तेथेही जायचे म्हणजे खाडा आलाच.

खाड्यापेक्षा त्याचे कारण सांगणे अवघड असते. मालकांना मी आजवर दात, चुलत्याचे तेरावे आणि तहसीलचे काम अशी कारणे दिली आहेत. चुलत्यांची मात्र क्षमा मागितली पाहिजे. 2017 चा कायदा, जो सप्टेंबर 2018 मध्ये लागू झाला, एचआयव्हीच्या कारणावरून नोकरी नाकारण्यास आणि नोकरीसाठी या चाचणीची अट घालण्यास मनाई करतो. तरीही मध्यंतरी एका गिरणीने माझ्याकडे रक्ताचा अहवाल मागितलाच, आणि मी वाद न घालता परत आलो. तक्रार अधिकारी नेमण्याचे बंधन सर्वसाधारणपणे शंभर किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला आहे. आमच्या आडतीवर मालकांसह पाच माणसे आहेत, तेव्हा तक्रार कोणाकडे करायची, तर मालकांकडेच.

संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज केंद्रात भरून देतात, पण वार्षिक 21 हजारांची उत्पन्नमर्यादा पाहता कमावत्या माणसाला तिचा उपयोग नाही. मला अनुदान नको, महिन्यातून एखाद्या रविवारी औषधाची खिडकी उघडी हवी आहे.

गोपनीयता चांगली पाळली जाते; नावाचा पुकारा होत नाही. गोळ्यांचा प्लास्टिकचा डबा मात्र पिशवीत खुळखुळतो. गोळ्या मूळ डब्यातच ठेवा, असे औषध देणाऱ्या दादांनी बजावल्यामुळे मी त्या काढत नाही, डब्याला जुना गमछा घट्ट गुंडाळतो. तीन डबे आणि गमछा मिळून जेवणाच्या डब्याएवढे गाठोडे होते आणि आडतीवर कोणी विचारत नाही.

तूर्त तोडगा ताईंनीच काढला आहे. आमचा मोंढा अमावास्येला बंद असतो. एका अमावास्येपासून पुढच्या तिसऱ्या अमावास्येपर्यंत 88 किंवा 89 दिवस जातात आणि तीन डब्यांत गोळ्या असतात 90, म्हणून भिंतीवरचे कॅलेंडर उलटून त्या माझी पुढची तारीख अमावास्येचीच लिहितात. अमावास्या रविवारी आली, की मला पुन्हा कोणाचे तरी तेरावे शोधावे लागते.