स्प्रिंग स्ट्रीटवरची फुकटातली सफर आणि कर्नरबाई

लेकीकडे मेलबर्नला आले आहे. आल्या आल्या पैसे भरून एका खासगी कंपनीची पायी सफर केली. स्प्रिंग स्ट्रीटवरच्या व्हिक्टोरिया राज्याच्या संसद भवनाच्या पायऱ्यांवर फोटो काढायला लावले आणि लगेच पुढे हाकललं. म्हणून परवा एकटीच परत गेले. अधिवेशन नसेल त्या दिवशी आतून फिरवून आणतात, तेही फुकट! ट्रामलाही त्या भागात तिकीट लागत नाही.

खालच्या सभागृहाची बाकं हिरवी, वरच्याची लालभडक. 1901 ते 1927 अख्ख्या देशाची संसद इथेच भरायची. आराखड्यातला घुमट मात्र आजवर बांधलाच नाही. हे सगळं माहितीपत्रकातही मिळेल. मला विचारायचं होतं ते जोन कर्नर यांच्याबद्दल, इथल्या जुन्या राजकारणी, मूळच्या शिक्षिका. मीही मास्तरीणच, बत्तीस वर्षं खडू झिजवलेली.

नाव काढताच दाखवणाऱ्या आजी खुलल्या. घड्याळ बघणं सोडून बाकाला टेकून बोलत राहिल्या. कर्नरबाई 1960 पर्यंत सरकारी शाळेत शिकवत होत्या. मग लग्न, तीन मुलं. थोरल्याच्या वर्गात पन्नासावर पोरं कोंबणार म्हटल्यावर बाई अडून बसल्या आणि जादा शिक्षक मिळवूनच उठल्या. (आमच्याकडे साठ असत आणि आम्ही गप्प असू.) तिथून पालकांच्या राज्य संघटनेचं अध्यक्षपद, 1982 ला लाल बाकं, 1988 ला हिरवी, त्याच वर्षी शिक्षणमंत्री. ऑगस्ट 1990 मध्ये व्हिक्टोरियाच्या पहिल्या महिला प्रीमियर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्री. तेव्हा राज्य कर्जात बुडालेलं, सरकारी बँक विकायची वेळ आलेली. खुर्ची मिळाली तीच मोडकी. व्यंगचित्रकार ठिपक्यांच्या झग्यातली भांबावलेली गृहिणी काढायचे. 1992 ला लोकांनी घरी पाठवलं.

सफर तासाभराची, आजींनी मला वर दहा मिनिटं दिली. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी चौकशी करून जावं, पायऱ्या फार आहेत.

बाहेर पडून ट्रेझरी प्लेसला गेले. तिथे चार माजी प्रीमियर ब्राँझमध्ये उभे दिसले, चारही पुरुष. तीन हजार दिवस कारभार केला की पुतळा, असा हिशेब. कर्नरबाईंचे दिवस मी बाकावर बसून बोटांवर मोजले. आठशेही भरले नाहीत.