गिझर, एसी, मोटर: युनिट नेमके कशाने मोजायचे?

बिल फुगलं की संशयाची सुई तिघांकडे वळते: गिझर, एसी आणि पाण्याची मोटर. बरोबरच आहे. महावितरणचा घरगुती दर 100, 300, 500 युनिट अशा टप्प्यांनी चढतो आणि वरच्या टप्प्यात ढकलणारे युनिट बहुधा या तिघांचेच असतात. ते मोजायचे चार मार्ग आहेत. त्यातला कोणता घ्यायचा, हे मोजायचं काय यावर ठरतं.

गिझरसाठी खिशात हात घालायची गरज नाही. घरचं मीटर पुरतं. बाकीचे सगळे एमसीबी (मुख्य बोर्डातले खटके) खाली करा, फक्त गिझर चालू ठेवा आणि मीटरवरचा लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. एका युनिटला किती लुकलुकी, तो आकडा मीटरवर छापलेला असतो. तो 3200 असेल तर लुकलुकींना 1125 ने गुणून सेकंदांनी भागा, की वॅट मिळाले. 10 लुकलुकींना साडेपाच-पावणेसहा सेकंद लागले तर गिझर 2000 वॅटच्या आसपास घेतोय. 15 लिटर पाणी 25 वरून 60 अंशांवर न्यायला साधारण 0.6 युनिट लागतो. त्यामुळे गिझर महिन्याला 40-50 युनिट खात असेल तर दोष त्याच्यापेक्षा बादल्यांच्या हिशेबात असतो.

एसीला ही युक्ती चालत नाही. इन्व्हर्टर एसी सुरुवातीला जोर लावतो, खोली गार झाली की कॉम्प्रेसर मंदावतो; पाच मिनिटांच्या मोजमापातून महिन्याचं बिल काढलं तर ते हमखास चुकतं. लेबलवरचा वार्षिक युनिटचा आकडाही वर्षाला 1600 तासांचा वापर धरून काढलेला असतो, आणि तुमचा वापर वेगळा असणारच. इथे पॉवर पॉइंटला लावायचा एनर्जी मीटर किंवा मोजणारा स्मार्ट प्लग हवा. तो आठवडाभर लावून ठेवा आणि युनिट वाचा. एकच अट, प्लग 16 अँपिअरचाच घ्या, म्हणजे 230 व्होल्टला सुमारे 3680 वॅट. स्वस्तातल्या 10 अँपिअरच्या प्लगवर एसी किंवा गिझर लावला तर प्लग आणि सॉकेट दोन्ही तापतात. लाइट गेल्यावर साठलेला आकडा टिकतो का आणि लाइट आल्यावर प्लग आपोआप चालू होतो का, हे दुकानातच विचारून घ्या. नुसतं मोजायचं असेल तर वायफायवाल्याचे जास्तीचे पैसे मला तरी पटत नाहीत.

वायरमन मंडळींचा लाडका टाँग टेस्टर, म्हणजेच क्लॅम्प मीटर. बिलाचा छडा लावायला तो मला सगळ्यात कमी उपयोगाचा वाटतो. साधा टेस्टर अँपिअर दाखवतो, युनिट नाही. अख्खी केबल चिमट्यात धरली तर फेज-न्यूट्रलचे उलटसुलट प्रवाह एकमेकांना रद्द करतात आणि आकडा जवळजवळ शून्य येतो, म्हणून एकच तार पकडावी लागते. त्यासाठी बोर्ड उघडावा लागतो आणि ते काम वायरमननेच करावं. पुढचा घोळ गुणाकारात. मोटरचा पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी खऱ्या वॅटचा वाटा) 0.8 असेल तर 5 अँपिअर गुणिले 230 म्हणजे 1150 वॅट होत नाहीत, खरे 920 भरतात. गावाकडे व्होल्टेज 200 वर आलं असेल तर 2000 वॅटचा गिझरही दीड हजारच घेतो. मोटर जास्त करंट खेचतेय का, हे बघायला मात्र टाँग टेस्टरसारखं दुसरं काही नाही.

चौथा मार्ग म्हणजे डीबीत, म्हणजे एमसीबींच्या बोर्डात, रेलवर बसणारा सबमीटर. एकदा वायरमनकडून त्या सर्किटच्या एमसीबीपुढे बसवून घेतला की तो वर्षानुवर्षं युनिट मोजत राहतो. वरच्या मजल्यावर भाडेकरू असेल, सोसायटीच्या मोटरचा खर्च वाटून घ्यायचा असेल किंवा पार्किंगमध्ये गाडीचा चार्जर लावायचा असेल तर थेट हाच घ्या. थेट वायरने जोडलेल्या मोटरला मोजणारा प्लग लावता येत नाही, तिथेही हाच. मोटर थ्री फेज असेल तर सबमीटरही थ्री फेजचाच लागेल; सिंगल फेजचा एका फेजवर बसवून आकड्याला तीनने गुणायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.