टीएलडी बॅज आणि खिशातला डोसिमीटर : कॅथलॅबमधून

कॅथलॅबमध्ये, म्हणजे क्ष-किरणांच्या मदतीने हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासण्याच्या खोलीत, टेक्नॉलॉजिस्ट म्हणून काम करताना माझ्या अंगावर किरणोत्सर्गाची दोन मापके असतात. लेड ॲप्रनच्या आत, छातीच्या उंचीवर, रुग्णालयाने दिलेला टीएलडी (थर्मोल्युमिनेसंट डोसिमीटर, म्हणजे तापवून वाचायचा किरणमापक) बॅज असतो आणि गेल्या दीड वर्षापासून त्याच्या जोडीला विभागाने विकत घेतलेला इलेक्ट्रॉनिक पॉकेट डोसिमीटर असतो. पहिला सक्तीचा आहे, दुसरा आमच्या हौसेचा. दोन्ही वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की, ज्याला पडदा नाही, आवाज नाही आणि जो तीन महिने तोंडातून अवाक्षर काढत नाही, त्याच बॅजवर अधिक भरवसा ठेवावा. त्याच्या भोवतीच्या सेवेबद्दल मात्र इतके चांगले बोलता येत नाही.

बॅज उघडण्याची मुभा वापरणाऱ्याला नसते, परंतु प्रशिक्षणाच्या वेळी एक जुने कार्ड हाताळायला मिळाले होते. निकेलचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर साधारण 13 मिलिमीटर व्यासाच्या तीन पांढुरक्या चकत्या बसवलेल्या असतात; दिसायला अगदी औषधाच्या गोळ्यांसारख्या. डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटची पूड टेफ्लॉनमध्ये घालून त्या तयार करतात. कार्ड प्लास्टिकच्या कॅसेटमध्ये सरकवले की एका चकतीसमोर तांबे-ॲल्युमिनियमचा फिल्टर येतो, दुसरीसमोर प्लास्टिकचा आणि तिसरी उघडीच राहते. एवढा खटाटोप कशासाठी, तर हा पदार्थ गॅमा किरणांच्या तुलनेत 30 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या आसपासच्या क्ष-किरणांना जवळपास दहापट अधिक प्रतिसाद देतो. एकच उघडी चकती असती, तर क्ष-किरण विभागातल्या प्रत्येकाचा डोस, म्हणजे अंगाला लागलेल्या किरणांची मात्रा, भलताच फुगून दिसला असता. तिन्ही चकत्यांच्या रीडिंगचे गुणोत्तर पाहिले की किरणांच्या ऊर्जेचा अंदाज येतो आणि त्यानुसार डोस दुरुस्त करता येतो.

दर तीन महिन्यांनी बॅज प्रयोगशाळेत जातो आणि तिथे या चकत्या तापवतात. तापल्यावर त्यांत साठलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते, तो प्रकाश फोटोमल्टिप्लायर नळी मोजते आणि त्यावरून डोस निघतो. एकदा तापवल्यावर मूळ नोंद पुसली जाते, म्हणजे रीडिंगविषयी शंका आली तरी तेच कार्ड पुन्हा वाचण्याची सोय राहत नाही. कार्बनयुक्त ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, ओएसएल नावाचे दुसऱ्या प्रकारचे बॅज प्रकाशाने वाचले जातात आणि ते पुन्हा वाचता येतात; या एका बाबतीत ते सरस आहेत. जुन्या फिल्म बॅजचाही एक गुण टीएलडीत हरवला. बॅज एकाच जागी टांगलेला असताना किरण पडले असतील, तर फिल्मवर फिल्टरच्या सावल्या रेखीव उमटत आणि जाणकाराला ते कळे. टीएलडी फक्त आकडा देतो.

याचा फटका आम्हाला बसला आहे. आमच्या एका सहकाऱ्याने ॲप्रन काढून लॅबमधल्याच स्टँडवर अडकवला आणि बॅज त्यालाच राहिला. पुढच्या दोन-तीन केसेस त्या बॅजने एकट्यानेच पाहिल्या. त्या क्वार्टरला, एरवी शून्याच्या आसपास राहणाऱ्या त्याच्या नावापुढे दोन मिलिसिव्हर्टहून (डोस मोजण्याचे एकक) अधिक डोस आला. एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमानुसार पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसिव्हर्टच्या आणि कोणत्याही एका वर्षाचा डोस 30 मिलिसिव्हर्टच्या आत राहावा लागतो, त्यामुळे घाबरण्याचे कारण नव्हते. परंतु तो डोस स्टँडचा की त्याचा, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकले नाही.

आता सेवेविषयी. आमच्याकडे बॅज पुरवणारी प्रयोगशाळा नाव घेण्याइतकी वाईट नाही आणि कौतुक करण्याइतकी चांगलीही नाही. नव्या क्वार्टरची पेटी एकदा तीन आठवडे उशिरा आली, तोवर जुनेच बॅज लावून आम्ही काम केले. रिपोर्ट येईपर्यंत पुढचा क्वार्टर संपत आलेला असतो. जानेवारीत कोणत्या केसमध्ये काय चुकले, हे जूनमध्ये कोणाला आठवणार? फोन केला की "मॅडम, लिस्ट प्रोसेसमध्ये आहे" एवढे एकच उत्तर मिळते.

पण सगळा दोष त्यांच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. पेटीबरोबर येणारा कंट्रोल बॅज आमच्याकडे कित्येक महिने कन्सोल रूममधल्या टेबलाच्या खणात, स्टेपलर आणि चहाच्या पावत्यांसोबत पडून होता. कंट्रोल बॅजने फक्त नैसर्गिक किरणोत्सर्ग नोंदवायचा असतो आणि तो इतरांच्या रीडिंगमधून वजा होतो. त्यालाच कामाच्या जागेचे किरण लागले, तर सर्वांचा डोस तेवढ्याने कमी दिसतो. आम्ही ज्या शून्यांवर खूश होतो, त्यांतली काही त्या खणाची कृपा असू शकतात.

पॉकेट डोसिमीटरची गोष्ट वेगळी. त्यात सिलिकॉन डायोड आहे, पडद्यावर डोस तत्काळ दिसतो आणि दर वाढला की तो टिवटिवतो. शिकण्यासाठी यासारखे साधन नाही. एलएओ प्रोजेक्शन, म्हणजे रुग्णाच्या डाव्या-पुढच्या बाजूने तिरपे चित्र, घेताना एक्स-रे ट्यूब डॉक्टर उभे असतात त्या बाजूला कलते आणि रुग्णाच्या अंगावरून परतणारे किरण तिकडेच अधिक येतात, हे पुस्तकात वाचलेले असते; ॲप्रनच्या बाहेर लावलेला डोसिमीटर त्या क्षणी टिवटिवू लागला की ते अंगात मुरते. आमच्या नव्या मुलांना एक पाऊल मागे सरकण्याची सवय माझ्या सांगण्याने लागली नाही, ती त्या आवाजाने लागली.

मात्र त्याच्या आकड्याला नोंदीचा दर्जा देऊ नये. कॅथलॅबचे किरण काही मिलिसेकंदांच्या स्पंदांत येतात आणि त्या क्षणापुरता डोसचा दर फार मोठा असतो. अशा वेळी काही उपकरणे, विशेषतः गायगर नळीची, मोजणीत मागे पडतात आणि कमी आकडा दाखवतात. काहींची मोजणी 50 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढेच सुरू होते, आमच्याकडचे विखुरलेले किरण तर बरेचसे त्याखाली असतात. हे दोन प्रश्न आम्ही विक्रेत्याला विचारले, तेव्हा त्याने बॅटरी किती दिवस टिकते ते सांगितले. घ्यायचाच असेल, तर ऊर्जेची खालची मर्यादा आणि स्पंदित किरणांतील कामगिरी या दोन गोष्टी लेखी मागाव्यात आणि रंग, ॲप, ब्लूटूथ यांच्याकडे नंतर पाहावे.

ॲप्रनच्या आतला बॅज डोळ्यांविषयी काहीच सांगत नाही. आमच्या सरांनी एकदा रिपोर्टवर सही करताना विचारले, "हे छातीचं झालं, माझ्या डोळ्यांचं काय?" नेत्रभिंगासाठी आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने (आयसीआरपी) सुचवलेली वार्षिक मर्यादा 2011 मध्ये 150 वरून 20 मिलिसिव्हर्टवर, म्हणजे पाच वर्षांच्या सरासरीवर, आली आहे, त्यामुळे प्रश्न रास्तच होता. तेव्हापासून सर शिसेयुक्त काचांचा चष्मा न चुकता घालतात आणि छताला टांगलेली काचेची ढाल स्वतः ओढून घेतात.

बॅजला मी पाचपैकी चार गुण देईन, सेवेला अडीच आणि डोसिमीटरला, शिकवण्यासाठी म्हणून, साडेतीन. कंट्रोल बॅज आता दुसऱ्या मजल्यावर लेखा विभागाच्या कपाटात असतो. क्वार्टर संपला की तिथल्या कारकूनबाई वहीत माझी सही घेऊनच तो हातात देतात.