सॅम्पल फ्लॅट बघायला जाताना टेप घेऊन जा

2023 साली दसऱ्याच्या आधीच्या रविवारी आम्ही सोलापुरात, जुळे सोलापूरच्या पुढं फ्लॅटची एक नवीन स्कीम बघायला गेलो. मी, आमचे हे आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. गाडी स्कीमवाल्यांनीच घरी पाठवली होती. माझा शाळेच्या युनिफॉर्मचा शिलाईचा धंदा आहे, घरात सहा मशिनी. त्यातून अकरा वर्षं साठवलेले पैसे होते, म्हणून हे लिहिताना आजही हात थरथरतो.

तिथली सेल्सची मुलगी फार गोड होती. आत्यांचे गुडघे दुखतात, वाकता येत नाही. सॅम्पल फ्लॅटच्या दारात चपला काढायच्या होत्या, तर ती मुलगी सरळ खाली बसली, आत्यांच्या पायातल्या चपला स्वतः काढल्या आणि हात धरून त्यांना आत नेलं. "सावकाश आजी, घाई नाही काही." आत एसी, थंडगार. बाहेर ऑक्टोबरचं ऊन. बाथरूमचा नळ सोडून दाखवला, धो धो पाणी. आपल्याकडं तेव्हा चार-पाच दिवसांआड पाणी यायचं, तिथं ती म्हणाली, "आजी, इथं चोवीस तास." आत्यांचे डोळे भरून आले. सगळा जन्म त्यांनी घागरी भरण्यात घालवलाय. बाहेर येताना मला हळूच म्हणाल्या, "पोरगी गुणाची आहे गं. घेऊन टाका."

चहा झाला, आमचा तिघांचा फोटो काढला. मग साहेब आले. ह्या दिशेचा हा एकच फ्लॅट राहिलाय, दुसरी पार्टी संध्याकाळी येणार आहे, दसऱ्याच्या आत बुकिंग केलं तर मॉड्युलर किचन फुकट. भाव 32 लाख, कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, 640 चौरस फूट. आम्ही 51 हजारांचा चेक दिला. पंधरा दिवसांत "भाव वाढायच्या आत रेट लॉक करून घ्या" म्हणून आणखी 4 लाख भरायला लावले. करारनामा झालाच नव्हता. हातात होती ती फक्त पावती.

रेरा म्हणजे बिल्डरांच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणारा कायदा. त्याच्या 13व्या कलमात स्वच्छ लिहिलंय, की नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. 32 लाखांचे 10 टक्के म्हणजे 3 लाख 20 हजार. आमच्याकडून घेतले 4 लाख 51 हजार. हे मला तेव्हा ठाऊक असतं तर तो दुसरा चेक गेला नसता.

डिसेंबरात करारनाम्याचा मसुदा आला. त्यात कार्पेट 548. किचनचा उल्लेख नाही. पाण्याबद्दल एवढंच, की महापालिकेकडून जसं मिळेल तसं. मी दुसऱ्या दिवशी एकटीच रिक्षानं गेले, सॅम्पल फ्लॅट उघडायला लावला आणि पर्समधली टेप काढली. पहिल्या दिवशीही ती पर्समध्येच होती.

बेडची लांबी भरली 64 इंच. साधी गादीसुद्धा 72-75 इंचांची असते. त्या बेडवर आमचे हे पाय पोटाशी घेऊनच झोपले असते. कपाट उघडलं, आत हँगर अडकवायला गेले तर तो सरळ बसेना, तिरका करावा लागला, इतकी खोली कमी. कपड्याच्या धंद्यातल्या बाईनं हे आधी बघायला नको होतं का? आतल्या एकाही खोलीला दार नव्हतं, कारण दार उघडायला जागा लागते आणि जागेचं खरं माप मग डोळ्यांत भरतं. गॅलरीची भिंत काढून ती हॉलमध्ये घेतली होती. रेराच्या कार्पेटमध्ये गॅलरी धरतच नाहीत. आम्हाला सांगितलेले 640 गॅलरी धरून होते. आणि नळाला पाणी कुठलं, तर गच्चीवरच्या टाकीतलं, टँकरनं भरलेलं. हे मला वॉचमननं सांगितलं.

ऑफिसात गेले तर तीच मुलगी बसलेली. उठलीसुद्धा नाही. "मॅडम, सॅम्पल म्हणजे सॅम्पल असतं. फॉर्मवर लिहिलंय बघा." फॉर्मच्या मागच्या बाजूला, अगदी बारीक अक्षरात, खरंच लिहिलं होतं. तिच्यावर माझा राग नाही. तिला कुणीतरी तसं शिकवलंय, पगारही त्याचाच मिळत असणार. पण आत्यांच्या चपला काढणारे हात तेच होते, हे मला अजून पचत नाही.

पैसे परत मागितले तर तीन महिने "साहेब बाहेरगावी आहेत." शेवटी एका ओळखीच्या वकिलांनी नोटीस काढली. 13 नंबरचं कलम तर होतंच, शिवाय 12वं. जाहिरात किंवा सॅम्पल फ्लॅट बघून पैसे भरले आणि तो दिखावा खोटा निघाला, तर व्याजासकट सगळी रक्कम परत मागता येते, असं ते कलम सांगतं. नोटीस पोचल्यावर आठवड्यात फोन आला. तीन हप्त्यांत 4 लाख मिळाले. 51 हजार "कॅन्सलेशन चार्ज" म्हणून अडकवून ठेवलेत, व्याजाचं तर नावच नाही.

तुम्ही जाणार असाल तर आधी जाहिरातीवरचा महारेराचा, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नंबर आणि क्यूआर कोड बघा. 1 ऑगस्ट 2023पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो स्कॅन केला की प्रोजेक्टची सगळी माहिती मोबाईलवर येते, कार्पेटसुद्धा. दहा मिनिटांचं काम आहे. तोंडी जे सांगतील, किचन असो की पाणी, ते तिथंच कागदावर सहीनिशी मागा. देतो म्हणाले आणि दिलं नाही, तर चेकबुक काढूच नका. चहा प्या आणि घरी या.

आत्या अजून म्हणतात, "माझ्यामुळं झालं गं." त्यांना किती समजावलं तरी पटत नाही. 51 हजारांसाठी महारेराकडं तक्रार करायची ठरलंय, 5 हजार फी आहे. बेडला टेप लावून काढलेले फोटो, फॉर्म आणि पावत्या एका पिशवीत घालून ठेवल्यात. सोमवारी वकिलांकडं देणार आहे.