चार जीबीच्या घरगुती संगणकावर कोणता ब्राउझर?

मुलांच्या अभ्यासासाठी सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेला संगणक, ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०, आणि बाहेर गोव्याचा पाऊस. ही परिस्थिती समोर ठेवून क्रोम, एज, फायरफॉक्स आणि ब्रेव्ह यांची ही तुलना आहे. १६ जीबीच्या नव्या लॅपटॉपवर चौघेही छान पळतात, तिथे आवडेल तो घ्यावा. कस लागतो तो जुन्या यंत्रावर.

आमचा कौल आधीच सांगतो: एज आणि फायरफॉक्स, दोन्ही ठेवा. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी ही नावे वेगळी असली तरी सगळ्यांच्या पोटात क्रोमियम हा गूगलचा खुला पाया आहे आणि पान उभे करणारे इंजिन एकच, ब्लिंक. एज जानेवारी २०२० पासून याच घराण्यात आला. त्यामुळे एखादे पान क्रोममध्ये अडले की एजमध्येही ते बहुधा अडतेच. फायरफॉक्सचे गेको इंजिन वेगळे आहे. एकाच जातीचे दोन ब्राउझर ठेवून अडीअडचणीला काही उपयोग नाही.

वेग मोजायचा तर आधी एक चकवा दूर करावा लागतो. एज डोळ्यांदेखत पटकन उघडतो, कारण त्यातले स्टार्टअप बूस्ट विंडोज सुरू होतानाच त्याचा काही भाग मेमरीत आणून ठेवते. क्रोमही खिडकी बंद केल्यावर काही एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या सोयी, मागे चालू ठेवू शकतो. दोन्हींच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम विभागात जाऊन हे पर्याय बंद करा, संगणक रीस्टार्ट करा, दोन-तीन मिनिटे डिस्क शांत होऊ द्या आणि मग घड्याळ लावा. पहिल्यांदा उघडायला लागणारा वेळ आणि बंद करून लगेच पुन्हा उघडायला लागणारा वेळ वेगवेगळे लिहून ठेवा. पहिला आकडा मोठा आणि दुसरा अगदी लहान आला, तर दोष ब्राउझरचा नाही, फिरत्या हार्ड डिस्कचा आहे. अशा वेळी साधी २४० जीबीची साटा एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवल्याने जो फरक पडतो, तो कुठलाही ब्राउझर बदलून पडत नाही.

इंजिनाची ताकद बघण्यासाठी स्पीडोमीटर ही चाचणी चांगली. तिची ३.० आवृत्ती मार्च २०२४ मध्ये आली आणि ती ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट व मोझिला यांनी मिळून केली आहे, म्हणून कुणा एकाकडे झुकलेली नाही. बाकी सगळे बंद ठेवून तीनदा चालवा, पहिला आकडा सोडून द्या. पण ती मेमरी मोजत नाही आणि जाहिराती तर मुळीच मोजत नाही. घरी पान रखडते ते मुख्यतः जाहिरातींमुळे. बातम्यांच्या एखाद्या पानावर मजकूर दोन परिच्छेदांचा, पण त्यामागे डझनावारी जाहिरात-स्क्रिप्ट आणि आपोआप वाजणारा व्हिडिओ असतो. इथे फायरफॉक्स बाजी मारतो, कारण युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारे एक्स्टेंशन त्यात पूर्ण ताकदीने चालते. क्रोमने एक्स्टेंशनची जुनी पद्धत बंद केल्यापासून त्यात त्याची फक्त लाइट आवृत्ती उरली आहे. ब्रेव्हमध्ये जाहिरात अडवण्याची सोय अंगचीच आहे. ज्याला एक्स्टेंशनच्या भानगडीत पडायचे नाही, त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना तो सोपा पडतो.

मेमरीचे गणित डोळ्यांनी बघा. क्रोम किंवा एजमध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबले की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. मेमरीच्या रकान्यावर क्लिक करून मोठे आकडे वर आणा. टॅब, एक्स्टेंशन, जीपीयू (ग्राफिक्सचे काम करणारी) प्रोसेस अशी प्रत्येकाची वेगळी ओळ दिसते, आणि कधीकाळी घातलेले, नंतर विसरलेले कूपन शोधणारे एक्स्टेंशन एका अख्ख्या टॅबएवढी जागा अडवून बसलेले सापडते. ते काढून टाका. फायरफॉक्समध्ये हेच पाहायला पत्त्याच्या पट्टीत अबाउट, कोलन, प्रोसेसेस टाइप करावे. वापरात नसलेले टॅब निजवण्याचे काम एजचे स्लीपिंग टॅब्स चांगले करते. किती वेळाने निजवायचे ते ठरवता येते. ४ जीबीवर पाच मिनिटे योग्य. क्रोमचा मेमरी सेव्हर टॅब पुरता रिकामा करतो आणि परत क्लिक केल्यावर पान पुन्हा उतरवतो. अर्धवट भरलेला फॉर्म, वाजता व्हिडिओ, पिन केलेला टॅब यांना तो हात लावत नाही.

व्हिडिओ अडखळतो तेव्हा लोक इंटरनेटला बोल लावतात, पण जुन्या यंत्रावर कारण बहुतेक वेळा कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याची आणि उलगडण्याची पद्धत, असते. यूट्यूबच्या व्हिडिओवर राइट क्लिक करून स्टॅट्स फॉर नर्ड्स उघडा. कोडेक्सच्या ओळीत एव्ही०१ असेल तर तो एव्ही१, व्हीपी०९ असेल तर व्हीपी९, आणि एव्हीसी१ असेल तर जुना, हलका एच.२६४. इंटेलच्या प्रोसेसरांत एव्ही१ उलगडण्याची सोय अकराव्या पिढीपासून आली. त्याआधीच्या यंत्रात ते सगळे ओझे प्रोसेसरवर पडते, पंखा भणभणतो आणि त्याच चौकटीतला ड्रॉप्ड फ्रेम्सचा आकडा वाढत जातो. फायरफॉक्समध्ये अबाउट कॉन्फिगमध्ये जाऊन मीडिया डॉट एव्ही१ डॉट एनेबल्ड हे फॉल्स करा आणि पान ताजे करा. पडदा काळा पडत असेल किंवा लुकलुकत असेल, तर दुखणे वेगळे: ग्राफिक्स ड्रायव्हर जुना. तो अद्ययावत होईपर्यंत सेटिंग्जमधले ग्राफिक्स ॲक्सेलरेशन बंद ठेवा.

आता विश्वासार्हता. मृगाच्या आधीचा गडगडाट सुरू झाला की वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि अर्धा तास भरलेला अर्ज जातो. फायरफॉक्स उघडे टॅब दर १५ सेकंदांनी डिस्कवर नोंदवतो. अबाउट सपोर्टमधून प्रोफाइल फोल्डर उघडा. आत सेशनस्टोअर-बॅकअप्स नावाचा फोल्डर आहे, त्यात रिकव्हरी आणि प्रीव्हियस नावांच्या फाइली असतात. नेहमीच्या पद्धतीने टॅब परत आले नाहीत, तर त्या फोल्डरची आधी प्रत काढून ठेवा, मग फायरफॉक्स पूर्ण बंद करून प्रीव्हियसची नक्कल मुख्य प्रोफाइल फोल्डरात आणा आणि शेपटी (नावातला टिंबानंतरचा भाग) तीच ठेवून नाव सेशनस्टोअर करा. क्रोम आणि एजमध्ये इतकी आतली वाट नाही. रिस्टोअरची चौकट चुकून बंद झाली की कंट्रोल, शिफ्ट, टी दाबून बघायचे. ६०० व्हीएचा यूपीएस संगणक नीट बंद करण्याइतका वेळ देतो. राउटरही त्यालाच जोडा, म्हणजे अर्ज निदान पाठवता येतो.

गडगडाटात प्लग काढून ठेवण्याची आपली सवय चांगलीच. पण मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली असेल, तर प्लग काढताच घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग बँक, मेल, बातम्या, सगळीकडे तुमचे कनेक्शन खाजगी नाही अशा अर्थाचा इशारा येतो, आणि तोही चारही ब्राउझरांत. लोक ब्राउझर काढून पुन्हा घालतात, काही फरक पडत नाही. घड्याळ फार मागे असले की विंडोज ते आपणहून जुळवत नाही. विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये आधी तारीख हाताने घाला, मग सिंक नाउ दाबा, आणि बॅटरी बदला.

चिऱ्याच्या जाड भिंतींच्या घरात आणखी एक गोष्ट तपासा. ५ गिगाहर्ट्झचे वायफाय दोन भिंतींपलीकडे पार मंदावते. ब्राउझरची तुलना लॅन केबल लावूनच करावी, नाहीतर मोजताय ते भिंतींचे.

एक-चौदाचा (गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीचा) उतारा, बिलाची पावती असल्या गोष्टी नव्या खिडकीत उघडत असतील, तर पत्त्याच्या पट्टीच्या टोकाला पॉप-अप अडवल्याची खूण दिसते. तिथूनच त्या साइटला परवानगी द्या, सरसकट सगळ्यांना नको. जुन्या धाटणीची साइट चालतच नसेल, तर एजमधला इंटरनेट एक्सप्लोरर मोड कामी येतो. तो डिफॉल्ट ब्राउझरच्या सेटिंगमध्ये सुरू करावा लागतो आणि यादीत घातलेले पान ३० दिवसांनी गळते, तेव्हा पुन्हा घालावे. डोळ्यांना त्रास असलेल्यांसाठी एजचे मोठ्याने वाचणे फार मोलाचे आहे. आरोही आणि मनोहर हे त्याचे मराठी आवाज बऱ्यापैकी नैसर्गिक वाटतात, फक्त इंटरनेट चालू हवे.

विंडोज ७ वर अजून कुणी असेल तर क्रोम १०९ वरच थांबला आहे; फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेला ११० तिथे चढत नाही. फायरफॉक्सची ११५ ईएसआर (दीर्घकाळ सुरक्षा-दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती) ही त्या विंडोजसाठीची शेवटची मालिका. तिच्यावर बातम्या वाचा, बँकेचे व्यवहार करू नका.